व्हीपीएन ‘कनेक्टेड’ दाखवतं, तरी ऑफिसचं काहीच उघडत नाही

घरून काम करणाऱ्यांची ही तक्रार आयटीकडे इतक्या वेळा येते की तिचं नीट वर्णनसुद्धा कुणी करत नाही. ‘व्हीपीएन चालत नाहीये’ एवढ्यावर भागतं. प्रत्यक्षात व्हीपीएन, म्हणजे घरच्या लॅपटॉपला इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारी कुलूपबंद वाट, लागलेलं असतं. ठिपका हिरवा असतो, जोडणीची वेळ सेकंदासेकंदाने पुढे सरकत असते, आणि ईआरपीचं (कंपनीच्या कामकाजाच्या प्रणालीचं) पान मात्र पांढरंफटक. मग व्हीपीएन बंद-चालू, लॅपटॉप बंद-चालू, शेवटी राउटरचा प्लग काढून परत घालायचा. त्याने कधीकधी चालू होतंही, आणि घोटाळा तिथेच होतो. मूळ दुखणं तसंच राहतं आणि दोन दिवसांनी पुन्हा डोकं वर काढतं.

हिरवा ठिपका फार थोडी हमी देतो. तुमच्या लॅपटॉपने आणि कंपनीच्या गेटवेने (नेटवर्कच्या दारावरच्या यंत्राने) एकमेकांना ओळखलं, कूटलेखनाच्या (एन्क्रिप्शनच्या) किल्ल्या ठरल्या, बस. त्यानंतर तीन गोष्टी जुळाव्या लागतात: पॅकेटला, म्हणजे डेटाच्या छोट्या गठ्ठ्याला, बरोबर वाट सापडली पाहिजे, सर्व्हरच्या नावावरून बरोबर पत्ता निघाला पाहिजे, आणि पॅकेट वाटेत कुठेही आकाराने जास्त होता कामा नये. तिन्हींच्या बिघाडाची लक्षणं वेगळी असतात आणि थोडक्या वेळात ओळखता येतात. रीस्टार्टने यांतलं एकही कायमचं सुटत नाही.

आत नेमकं काय चालतं

कंपनीतल्या सर्व्हरांचे पत्ते खासगी असतात. १९९६ च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजाने असे तीन पट्टे राखून ठेवले: १० ने सुरू होणारे सगळे, १७२.१६ ते १७२.३१, आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. हे पत्ते इंटरनेटवर चालत नाहीत, म्हणून कुणीही आपल्या घरात किंवा कंपनीत ते बिनधास्त वापरू शकतं. परिणामी १९२.१६८.१.१० हा पत्ता जगात असंख्य ठिकाणी आहे. साताऱ्यातल्या घरातून पुण्यातल्या ऑफिसमधल्या नेमक्या त्याच १९२.१६८.१.१० पर्यंत पोचायचं तर इंटरनेटला तो पत्ता दाखवून उपयोग नाही.

म्हणून व्हीपीएन पाकिटात पाकीट घालतं. तुमचं मूळ पॅकेट, आतल्या पत्त्यासकट, कुलूपबंद होऊन एका मोठ्या पाकिटात जातं आणि त्या बाहेरच्या पाकिटावर कंपनीच्या गेटवेचा सार्वजनिक पत्ता असतो. गेटवे बाहेरचं पाकीट फोडतो आणि आतलं कंपनीच्या नेटवर्कमध्ये सोडतो. तुमच्या लॅपटॉपवर हे काम एक आभासी नेटवर्क कार्ड करतं. व्हीपीएन लागलं की नेटवर्कच्या यादीत जास्तीचा अडॅप्टर दिसतो तो हाच. आयपीसेक, ओपनव्हीपीएन, वायरगार्ड ही नावं म्हणजे पाकीट कसं बांधायचं आणि कुलूप कोणतं लावायचं याच्या वेगवेगळ्या रीती. वायरगार्ड त्यांतलं सगळ्यात नवं. मार्च २०२० मध्ये ते लिनक्सच्या ५.६ या कर्नलमध्येच (गाभ्यातच) आलं.

कंपन्या याच्या मागे लागल्या त्याचं पहिलं कारण पैशाचं. पुण्याचं मुख्य ऑफिस आणि नागपूरची शाखा जोडायला पूर्वी लीज्ड लाइन घ्यावी लागे आणि तिचं भाडं दर महिन्याला दुखत असे. तीच जोडणी साध्या ब्रॉडबँडवरून कूटलेखन करून मिळाली तर कुणाला नको? दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पगाराची प्रणाली किंवा फाईल सर्व्हर उघड्या इंटरनेटवर ठेवला, की काही तासांतच जगभरचे बॉट पासवर्ड लावून बघायला लागतात. व्हीपीएनमुळे दार एकच उरतं. कोण केव्हा आत आलं याची नोंद राहते आणि नोकरी सोडलेल्याचा प्रवेश एका खात्यावर बंद करता येतो. तिसरं कारण सेवा देणाऱ्या कंपन्यांना चांगलं माहीत असतं: ग्राहकाने आपल्या सर्व्हरवर फक्त कंपनीच्या ठरलेल्या आयपी पत्त्याला परवानगी दिलेली असते, त्यामुळे इचलकरंजीत घरी बसलेल्या माणसालाही कंपनीच्या दारातूनच बाहेर पडावं लागतं.

मोबाइलवरच्या जाहिरातींतलं ‘फुकट व्हीपीएन’ तंत्राने जवळपास हेच असतं, पण हेतू वेगळा. ते तुम्हाला इंटरनेटवर लपवतो म्हणतं; ऑफिसचं व्हीपीएन तुम्हाला ऑफिसपुढे ओळख पटवून उभं करतं, आणि त्याच्या टनेलमधून, म्हणजे त्या कुलूपबंद वाटेतून, जे जातं ते ऑफिसला दिसू शकतं. कायद्यालाही हा फरक कळतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये व्हीपीएन सेवा विकणाऱ्यांना ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षं ठेवायला सांगितलं, आणि कंपन्यांची अंतर्गत व्हीपीएन त्यात येत नाहीत हे नंतर प्रश्नोत्तरांत स्पष्ट केलं.

यातूनच तपासाची अगदी पहिली पायरी निघते: दुसरं व्हीपीएन चालू आहे का? अँड्रॉइड एका वेळी एकच चालू देतो, त्यामुळे तिथे एक लावलं की दुसरं गळून पडतं. विंडोजवर दोन्ही चालू राहू शकतात आणि वाट कुणी ठरवायची यावरून भांडत बसतात. अँटीव्हायरसच्या पॅकेजबरोबर नकळत आलेलं व्हीपीएनही यात धरा.

आधी हॉटस्पॉट लावून बघा

राउटरला हात लावण्याआधी मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करा, लॅपटॉप त्यावर घ्या आणि व्हीपीएन पुन्हा जोडा. तेच पान आता उघडलं, तर खातं, पासवर्ड, सर्व्हर सगळं ठीक आहे आणि गडबड घरच्या नेटवर्कशी निगडित आहे. इथेही उघडलं नाही, तर लॅपटॉप किंवा कंपनीची बाजू बघायची. एवढ्या एका चाचणीने अर्धा गुंता सुटतो, तरी ती करून मग फोन करणारे फारच थोडे.

हॉटस्पॉटवर चालतं, घरच्या वायफायवर नाही

इथे पहिला संशय पत्त्यांच्या टकरीवर. घरचे बहुतेक राउटर १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ हा पत्ता घेऊन कारखान्यातून येतात, जिओफायबरचा १९२.१६८.२९.१ असतो. आता ऑफिस उभं राहिलं तेव्हा तिथेही कुणीतरी राउटर खोक्यातून काढून तसाच लावला असेल, तर ऑफिसचं नेटवर्कही १९२.१६८.१ चंच. लॅपटॉपला विचारलं, १९२.१६८.१.१० कुठे आहे? तो म्हणतो, हा तर घरातलाच, व्हीपीएनमध्ये कशाला जाऊ. आणि पॅकेट तुमच्या घरातल्या टीव्हीकडे जातं, नाहीतर कुणाकडेच नाही. हॉटस्पॉटवर चालतं, कारण तिथला पट्टा निराळा: आयफोन १७२.२०.१० चे पत्ते वाटतो, जुने अँड्रॉइड १९२.१६८.४३ चे.

याचं फसवं रूप म्हणजे ‘काही उघडतं, काही नाही’. कंपनीने टनेलमधून १९२.१६८ चा अख्खा पट्टा आपला म्हणून जाहीर केलेला असतो. लॅपटॉपच्या वाटांच्या तक्त्यात मात्र जास्त नेमकी वाट जिंकते. घरचा १९२.१६८.१ हा २५६ पत्त्यांचा छोटा पट्टा जास्त नेमका, म्हणून तेवढे पत्ते घरी वळतात आणि बाकीचे नीट ऑफिसला जातात. मग ईमेल चालतो, हजेरीची प्रणाली चालते, फक्त फाईल सर्व्हर ‘बंद’ असतो. फाईल सर्व्हरवाल्याला दहा फोन जातात आणि तो बिचारा सांगत राहतो की इथे सगळं चालू आहे.

तपासायला कमांड प्रॉम्प्टवर आयपीकॉन्फिग चालवा. वायफायच्या खाली दिसणारा आयपीव्ही४ पत्ता आणि ज्या सर्व्हरवर पोचायचं त्याचा पत्ता, यांचे पहिले तीन आकडे सारखे असतील तर गुन्हेगार सापडला. वाटा बघायच्या असतील तर रूट प्रिंट.

इलाज घरच्या बाजूने सोपा आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये लॅनचा (घरातल्या नेटवर्कचा) पत्ता बदलून १९२.१६८.८७.१ असा कुणाच्या सहज डोक्यात न येणारा पट्टा घ्या, डीएचसीपीचा (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणाऱ्या सोयीचा) पट्टाही त्याला जुळवा आणि सगळी उपकरणं एकदा वायफाय सोडून परत जोडा. ज्या प्रिंटरला किंवा सीसीटीव्हीच्या डीव्हीआरला हाताने पत्ता दिलेला असेल, त्याला नव्याने द्यावा लागेल, एवढीच मेहनत. राउटर घरमालकाचा किंवा पीजीचा असेल तर हे करता येत नाही. तेव्हा आयटीला सांगा की त्या एका सर्व्हरपुरती स्वतंत्र वाट टनेलमधून पाठवा. एका पत्त्याची वाट सगळ्यात नेमकी असल्यामुळे ती जिंकते.

खरा इलाज कंपनीच्या बाजूचा. ऑफिसच्या नेटवर्कला १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ देणं म्हणजे पुढची दहा वर्षं हीच तक्रार विकत घेणं. १० च्या पट्ट्यात दीड कोटीहून जास्त पत्ते आहेत. त्यातला मधलाच कुठलातरी तुकडा घ्या. नव्याने ऑफिस थाटणाऱ्यांनी हे पहिल्या दिवशी करावं, कारण शंभर मशिनं लागल्यावर पत्ते बदलणं म्हणजे शनिवार-रविवार गेलेच.

प्रोग्रामर मंडळींसाठी एक वेगळी खोड. डॉकर आपल्या आतल्या नेटवर्कसाठी मुळात १७२.१७ चा पट्टा घेतो. ऑफिसचे सर्व्हर १७२.१७ मध्ये असतील तर टक्कर लॅपटॉपच्या आतच होते, आणि ती हॉटस्पॉटवरही जात नाही. डॉकर बंद करून पान उघडलं तर कारण कळलं. डॉकरचा पट्टा त्याच्या सेटिंगमध्ये बदलता येतो.

आयपीने पोचतं, नावाने नाही

आयटीकडून सर्व्हरचा आतला आयपी मागून घ्या आणि पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन चालवा: एकदा आयपीवर, एकदा नावावर, पोर्ट ४४३ देऊन. आयपीवर जोडणी होते आणि नावावर नाही, म्हणजे बिघाड डीएनएसचा, नावावरून पत्ता काढणाऱ्या व्यवस्थेचा. (ब्राउझरमध्ये थेट आयपी टाकून बघू नका; प्रमाणपत्राचा लाल इशारा येतो आणि माणूस भलतीकडेच भरकटतो.)

कंपनीतली नावं फक्त कंपनीच्या डीएनएस सर्व्हरला माहीत असतात. व्हीपीएन लागताना लॅपटॉपला सांगितलं जातं, या शेपटाची (अमुक शेवट असलेली) नावं आमच्याकडे विचार, बाकीची कुठेही विचार. हा निरोप तीन ठिकाणी गळतो. कुणीतरी ‘नेट फास्ट होतं’ म्हणून वायफायला हाताने ८.८.८.८ किंवा १.१.१.१ लावलेला असतो; तिथे तुमच्या ईआरपीचं नाव कुणी ऐकलेलं नसतं. किंवा ब्राउझरने स्वतःचं सुरक्षित डीएनएस चालू केलेलं असतं. मग ब्राउझर विंडोजला न विचारता परस्पर बाहेर विचारतो आणि गंमत अशी की पिंग (सर्व्हर उत्तर देतो का बघणारी साधी आज्ञा) नावाने चालतो, आउटलूक चालतं, फक्त ब्राउझर म्हणतो असं काही अस्तित्वातच नाही. फायरफॉक्स आणि क्रोम दोन्हींत ही सोय गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये बंद करता येते. तिसरं कारण जुनं उत्तर साठून राहण्याचं: व्हीपीएन लावण्याआधी पान उघडून बघितलं, ‘नाही’ असं उत्तर आलं आणि तेच काही काळ जपलं गेलं. आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस चालवा आणि ब्राउझर पूर्ण बंद करून उघडा.

इथे जाणकारही एकदा फसतात. डीएनएस बघायचं म्हणजे हात आपोआप एनएसलुकअपकडे जातो. पण विंडोजमध्ये कोणत्या शेपटाचं नाव कुणाला विचारायचं याचा जो नियमतक्ता असतो, तो एनएसलुकअप पाळतच नाही. तो सरळ आपल्या ठरलेल्या सर्व्हरला विचारतो. म्हणून एनएसलुकअपला नाव सापडत नाही पण पान उघडतं, किंवा याच्या उलट, असे प्रकार दिसतात. त्याऐवजी पॉवरशेलची रिझॉल्व्ह-डीएनएसनेम ही आज्ञा वापरा, नाहीतर साधा पिंग. तो निदान बाकीच्या प्रोग्रामांसारखं नाव शोधतो. मॅकवर एनएसलुकअप आणि डिग यांचीही हीच तऱ्हा.

आणि मॅकवाल्यांनी आतल्या नावाचं शेपूट बघून घ्यावं. जुन्या कंपन्यांत डोमेनचं नाव ‘डॉट लोकल’ ने संपवायची पद्धत होती. २०१३ च्या आरएफसी ६७६२ ने ते शेपूट घरातल्या घरात एकमेकांना शोधणाऱ्या प्रिंटर-टीव्हीसारख्या उपकरणांसाठी राखलं. मॅक ते काटेकोर पाळतो आणि तुमचा फाईल सर्व्हर घरातल्या वायफायवर हाका मारून शोधत बसतो. लॅपटॉपवर याला तात्पुरती ठिगळं लावता येतात. कायमचं हवं तर कंपनीने नाव बदलायला हवं, आणि ते काम किती नकोसं असतं हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक.

लॉगिन होतं, पुढे नुसतं फिरत राहतं

हा सगळ्यात चिवट प्रकार, कारण यात सगळंच थोडंथोडं चालतं. पिंग जातो. लॉगिनचं पान येतं, पासवर्ड टाकला की आत यादीचं पान कायमचं फिरत राहतं. रिमोट डेस्कटॉप जोडतो आणि काळा पडदा. नुसत्या मजकुराचा मेल जातो, पीडीएफ लावला की अडकतो. कधी तर ब्राउझर सुरक्षित जोडणी करतानाच थांबतो, कारण सर्व्हरचं प्रमाणपत्र हीच त्या संवादातली पहिली जाडजूड गोष्ट असते. अशा वेळी लोक सर्व्हरला, नेटच्या स्पीडला, नाहीतर आयटीला दोष देतात. दोष आकाराचा असतो.

इथरनेटवर एका पॅकेटला १५०० बाइटची मर्यादा. हिला एमटीयू म्हणतात. केबलवाल्यांचं ब्रॉडबँड बऱ्याच ठिकाणी पीपीपीओई पद्धतीने युजरनेम-पासवर्ड मागतं. त्यात ८ बाइट जातात, उरले १४९२. आता पाकिटात पाकीट आठवा: बाहेरच्या पाकिटालाही जागा लागते. वायरगार्ड आयपीव्ही४ या जुन्या पत्तापद्धतीवर ६० बाइट घेतं, आयपीव्ही६ या नव्या पद्धतीवर ८०. म्हणून ते स्वतःच्या टनेलचा एमटीयू सहसा १५०० मधून ८० वजा करून १४२० ठेवतं. पीपीपीओईच्या मागे हे आयपीव्ही४ वर बसतं, कारण १४९२ मधून ६० गेले की १४३२ उरतात. त्याच घरातून जोडणी आयपीव्ही६ वरून झाली की उरतात १४१२, आणि आठ बाइटसाठी सगळं अडतं. काल चाललं, आज नाही, उद्या परत चाललं, या कोड्याचं उत्तर कधीकधी एवढंच असतं की आज लॅपटॉपने गेटवेचा दुसरा पत्ता निवडला. आयपीसेक आणि ओपनव्हीपीएनचा खर्च निवडलेल्या कूटलेखनावर अवलंबून असतो, पण गणित हेच.

पॅकेट मोठं झालं तर वाटेतल्या राउटरने ‘हे माझ्यातून जात नाही, एवढ्या आकाराचं पाठव’ असा आयसीएमपी (नेटवर्कमधल्या अडचणी कळवणारा) निरोप उलट पाठवायचा असतो. १९९० च्या आरएफसी ११९१ पासून ही व्यवस्था आहे आणि ती उत्तम चालते, जोवर वाटेतली कुठलीतरी फायरवॉल आयसीएमपी सरसकट गिळत नाही. पिंगला उत्तर दिलं नाही की आपण सुरक्षित झालो, अशी समजूत असलेल्या कुणीतरी ते दार लावून टाकलेलं असतं. मग लॅपटॉप मोठं पॅकेट पाठवतो, ते गायब होतं, निरोप येत नाही, तो तेच पुन्हा पाठवतो. छोटी पॅकेटं मजेत जात राहतात.

मोजायची रीत अशी. व्हीपीएन लावून आधी आतल्या सर्व्हरला साधा पिंग करा. त्यालाच उत्तर नसेल तर ही चाचणी निरर्थक, पिंगला उत्तर देणारं दुसरं मशिन शोधा. मग विंडोजवर पिंग -एफ -एल १३७२ आणि पुढे पत्ता. ‘एफ’ म्हणजे तुकडे करू नको, ‘एल’ म्हणजे आकार. त्यात आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ असे २८ मिळवले की पॅकेट १४०० चं झालं. लिनक्सवर -एम डू -एस, मॅकवर -डी -एस. उत्तर आलं तर आकडा वाढवा, नाही आलं तर कमी करा. तुकडे करणं गरजेचं आहे असा संदेश लगेच आला तर चिंता नाही, मर्यादा लॅपटॉपला ठाऊक आहे आणि व्यवस्था चालू आहे. नुसती वेळ संपल्याचा संदेश आला, म्हणजे पॅकेट मुकाट्याने गेलं. तोच आपला रोग. सर्वांत मोठा जाणारा आकडा अधिक २८ म्हणजे तुमच्या टनेलचा खरा एमटीयू.

मोजत बसायचं नसेल तर व्हीपीएनच्या अडॅप्टरचा एमटीयू थेट १२८० करून बघा. विंडोजवर हे प्रशासक म्हणून नेटएसएच या आज्ञेने होतं, वायरगार्डमध्ये फाईलमधली एक ओळ. अडकलेलं पान धाडकन उघडलं तर निदान पक्कं. १२८० च्या खाली जाऊ नका. आयपीव्ही६ ला किमान तेवढं लागतंच आणि त्याखाली ते त्या अडॅप्टरवर बंदच पडतं. नंतर हवं तर मोजलेल्या आकड्यापर्यंत वर या, पण खरं सांगायचं तर १२८० वर ठेवल्याने रोजच्या कामात फरक जाणवत नाही.

प्रत्येक लॅपटॉपवर हे करत फिरणं वेडेपणाचं. गेटवेवर एमएसएस (एका घासाचा कमाल आकार) बांधून टाकता येतो: टीसीपी (पोच घेत डेटा पाठवायच्या पद्धतीची) जोडणी होत असतानाच दोन्ही टोकांना सांगायचं की एमटीयू वजा ४० एवढ्याच आकाराचे घास पाठवा. ओपनव्हीपीएनमध्ये यासाठी एमएसएसफिक्स आहे, बहुतेक फायरवॉलमध्ये एक चौकोन टिक करायचा असतो. आणि आयसीएमपी अडवायचंच असेल तर प्रकार ३, कोड ४ तेवढा जाऊ द्या. आयपीव्ही६ मध्ये त्याची जागा प्रकार २ घेतो, आणि तिथे तर वाटेतले राउटर पॅकेटचे तुकडे करतच नाहीत, त्यामुळे तो निरोप अडवणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा.

मधूनच तुटतं, मुळात जोडतच नाही, फार हळू चालतं

हातचं काम थांबवून चहाला उठलात आणि परत आल्यावर टनेल मेलेलं असेल, तर घरच्या राउटरने किंवा इंटरनेट पुरवणाऱ्याच्या सामायिक आयपीवाल्या यंत्राने शांत पडलेल्या यूडीपी (पोच न घेता डेटा पाठवायच्या पद्धतीच्या) जोडणीची नोंद पुसलेली असते. अधूनमधून हुंकार देत राहायला सांगितलं की हे थांबतं. वायरगार्डमध्ये ही सोय मुळात बंद असते आणि चालू करायची तर २५ सेकंद हा नेहमीचा आकडा. ठरावीक तासांनी, अगदी घड्याळ लावून तुटत असेल तर तो बिघाड नव्हे, कंपनीने सत्राला मर्यादा घातली आहे.

हॉटेल, कॉलेज, स्टेशनच्या वायफायवर जोडणीच होत नसेल तर आधी ब्राउझर उघडून त्यांचं ओटीपीचं पान पूर्ण करा. तरीही नाही झालं, तर तिथे आयपीसेकचे यूडीपी ५०० आणि ४५०० हे पोर्ट बंद असण्याची शक्यता दाट. कंपनीकडे टीसीपी ४४३ वरून चालणारा पर्याय असेल तर तो घ्या. हळू चालेल, कारण एका टीसीपीच्या आत दुसरं टीसीपी असलं की दोघंही हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवू पाहतात. पण चालेल.

ऑथेंटिकेटरचा सहा आकडी कोड सतत चुकीचा ठरत असेल तर मोबाइलचं घड्याळ हाताने लावलंय का बघा. हे कोड वेळेवरून निघतात आणि सहसा ३० सेकंदांनी बदलतात. घड्याळ दोन मिनिटं पुढे असलं की खेळ खलास. ‘माझ्यापुरतं ते ओटीपीचं काढून टाका ना’ ही विनंती मात्र करू नका. एप्रिल २०२१ च्या अखेरीस अमेरिकेतल्या कोलोनियल पाइपलाइन कंपनीत हल्लेखोर शिरले ते वापरात नसलेल्या एका जुन्या व्हीपीएन खात्याच्या पासवर्डने. त्या खात्याला दुसरा टप्पाच नव्हता, आणि मे महिन्यात इंधनाची ती वाहिनी काही दिवस बंद राहिली.

हळू चालण्याचं कारण बहुतेक वेळा भूगोल असतं. ग्राहकाचा गेटवे न्यूयॉर्कला, माणूस कोल्हापुरात, आणि उघडायची फाईल मुंबईतल्या सर्व्हरवर. सगळी रहदारी टनेलमधूनच जाईल असं ठरवलं असेल तर पॅकेट अमेरिकेला जाऊन मुंबईला येतं आणि उत्तरही त्याच वाटेने परततं. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत साधारण साडेबारा हजार किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे एका फेरीचे सव्वाशे मिलिसेकंद निव्वळ प्रकाशाचे, आणि इथे दोन फेऱ्या. त्यावर केबलचे वळसे वेगळे. घरचा प्लॅन ३०० एमबीपीएसचा केला तरी यातलं काही कमी होत नाही. व्हिडिओ मीटिंगसारखी रहदारी टनेलबाहेरून थेट सोडणं हा उपाय आहे, पण तो निर्णय सुरक्षेचा असतो आणि कंपनीचाच असतो; लॅपटॉपवर परस्पर वाटा बदलून तो घेऊ नका.

तक्रार टाकताना

वरचं करूनही सुटलं नाही तर तिकिटात एवढं लिहा: कोणत्या वेळी, कोणत्या नेटवरून, हॉटस्पॉटवर काय झालं, वायफायचा आयपी, व्हीपीएनने दिलेला आयपी, सर्व्हरचं नाव आणि नावावरून निघालेला पत्ता, आयपीने पोचतं का, आणि पिंगचा किती मोठा आकार जातो. शक्य असेल तर आयपीकॉन्फिग /ऑल आणि रूट प्रिंट यांचं उत्तर मजकूर म्हणूनच चिकटवा. मोबाइलने स्क्रीनचा तिरका फोटो काढलात तर त्यातले आकडे पुन्हा टाइप करायला कुणाला तरी बसावं लागतं. वायरगार्डची किंवा ओपनव्हीपीएनची सेटिंगची फाईल मात्र जोडू नका, व्हॉट्सअॅपवर तर मुळीच नाही. वायरगार्डच्या फाईलमध्ये तुमची खासगी किल्ली असतेच, ओपनव्हीपीएनच्या फाईलमध्येही बऱ्याचदा असते, आणि ती ज्याच्या हाती लागते तो कंपनीच्या गेटवेला तुम्हीच आहात असं भासवू शकतो. आधीच पाठवून झाली असेल तर जुनी रद्द करून नवी मागून घ्या.